बेडूक कशात मोडतो

एजंटाने मेहुण्याला जिन्यातच बजावलं होतं, "आत गेल्यावर तोंड उघडायचं नाही. मॅडम जे विचारतील ते मला विचारतील. तू नुसतं बसायचंस." मेहुण्याने मान डोलावली. त्याची मान नेहमीच डोलते, जिभेशी तिचा काही संबंध नसतो.

कस्टमच्या टेबलावर हिरवा प्लास्टिकचा बेडूक बसला होता. डोकं दाबलं की डोळे पेटायचे, डराव डराव व्हायचं, आणि पोटावर वेळ दिसायची. असे खोकेच्या खोके बेडूक गोदामात अडकले होते, कारण ही नेमकी कुठली वस्तू हे ठरेना, आणि ते ठरल्याशिवाय ड्यूटी ठरत नाही. घड्याळ म्हणावं तर ड्यूटी एवढी की मेहुण्याचं दुकान उघडायच्या आधीच बंद. खेळणं म्हणावं तर सुरक्षिततेचं प्रमाणपत्र हवं. ते नाही, म्हणजे माल आल्या पावली परत. बरंच डोकं खाजवून एजंटाने वाट काढली होती: शोभेची वस्तू. ड्यूटी कमी, प्रमाणपत्राची भानगड नाही. दोन धंदे बुडवलेल्या मेहुण्याचा हा तिसरा धंदा होता, आणि 'माझ्या भावाचं एवढं काम करा' म्हणून बायकोने घरात भंडावून सोडलं होतं.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "याचं मुख्य काम काय?"

"शोभा," एजंट म्हणाला.

"आणि गजर!" मेहुणा म्हणाला. "मॅडम, असा गजर तुम्ही ऐकला नसेल."

"म्हणजे घड्याळ."

एजंटाने टेबलाखालून त्याचा पाय दाबला. मेहुण्याला ती शाबासकी वाटली.

"नुसतं घड्याळ नाही हो! रात्री दिवा होतो. मुलं तर सोडतच नाहीत, जेवतानासुद्धा हातात."

"म्हणजे खेळणं. प्रमाणपत्र?"

"तळाला वायर लावली की मोबाईलपण चार्ज होतो!"

एजंटाला वाटलं, हा बेडूक उचलून याच्याच टाळक्यात घालावा. मेहुण्याचा जन्म गेला गिऱ्हाइकं पटवण्यात, त्यामुळे समोर कुणी बसलं की याला माल खपवायलाच हवा. ही बाई विकत घ्यायला नाही, कर लावायला बसली आहे, हे त्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुमचं आपसातच ठरत नसेल तर मी माल परत पाठवते."

मग मात्र एजंटाचं डोकं फिरलं. त्याने बेडूक पुढे ओढला.

"मॅडम, मी सांगतो. हे घड्याळ रोज मागे पडतं. गजर उशाशी वाजला तरी जाग येत नाही. त्या दिव्यात आपलाच हात आपल्याला दिसत नाही. मोबाईल लावलात तर आहे तीही बॅटरी उतरेल. पोरं दोनदा डोकं दाबतात आणि फेकून देतात. याचा कुणालाही काडीचा उपयोग नाही. कपाटावर ठेवायचा आणि धूळ पुसत बसायचं."

मॅडमनी गजर लावून कानाशी धरला. आपला मोबाईल जोडून पाहिला. मग हसू दाबत लिहिलं, शोभेची वस्तू.

बाहेर आल्यावर एजंटाने घाम पुसला. "सुटला एकदाचा! कर तुझ्या ताईला फोन."

मेहुणा जिन्याच्या वळणावर थांबला होता. "भावोजी, हे सगळं तुम्हाला कधी कळलं?"

"कळायचंय काय त्यात? तुझं सँपल महिनाभर आमच्याच कपाटावर..." एजंटाची जीभ अडखळली.

"मागवायच्या आधी मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, झकास आहे, मागव."

म्हणाला होता खरा. हा जेवताना कानाशी भुणभुणत होता आणि कटकट मिटावी म्हणून तो बोलून गेला होता. आता एजंटाला स्वतःचीच चीड आली.

"अरे, आत बोललो ते मॅडमसाठी."

बेडूक पिशवीत ठेवून मेहुण्याने फोन लावला.

"ताई, सुटला माल. हो, भावोजींनीच सोडवला. बोलले ना, अगदी मनापासून बोलले."