चपला सापडेपर्यंत

कंपाउंडर खोटं बोलला ते अकरा वर्षांपूर्वी, आणि तेही एकच शब्द. मास्तरांनी चहाचा पहिला घोट घेतला, डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "मसाला कुणाचा?" बायको त्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. कंपाउंडर म्हणाला, "माझा."

यात खरं एवढंच होतं, की फडताळाच्या वरच्या फळीवरचा खलबत्ता त्यानं काढून दिला होता.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला तिघे जण त्याच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसत. एक मास्तर. शाळा सोडून चौदा वर्षं झाली, तरी समोरच्याला उभं करून प्रश्न विचारायची सवय सुटली नव्हती. दुसरे दातवाले. त्यांनी निम्म्या वस्तीच्या कवळ्या घडवल्या होत्या आणि रस्त्यात कुणी हसलं, की ते आधी काम आपलं आहे का ते बघत. तिसरे मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. आता मोजायला काही उरलं नाही म्हणून वेळ मोजत. ते साडेसातच्या आधी कधी आले नाहीत आणि नंतरही नाहीत. लवकर पोचले तर जिन्यात थांबत.

चहा घेऊन कंपाउंडर स्वतः बाहेर येई, मान किंचित तिरकी करून. "आज लवंग जरा कमी केली," असं काहीतरी म्हणे. लवंग किती पडली याची त्याला सुतराम कल्पना नसे. रविवारी जायफळाची कॉफी असे. त्या दिवशी मान जास्त तिरकी.

बायकोला हे पहिल्या आठवड्यातच कळलं. दोन खोल्यांमध्ये दार नव्हतं, नुसता पडदा होता; न कळून सांगते कुणाला? तिनं भांडण केलं नाही. "असू दे," ती म्हणाली. "सदतीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषधं बनवलीत. एक तरी बाटली तुमच्या नावाची असू दे." पण ती हे ज्या आवाजात म्हणाली, तो आठवून कंपाउंडर पुढचे चार दिवस स्वतःचं ताट स्वतः उचलत होता.

अकरा वर्षं निभावलं. मग मुलीचे दिवस भरत आले आणि बायको दोन महिन्यांसाठी तिच्याकडे निघाली.

"चहाचं काय?" कंपाउंडरनं विचारलं.

"चहाचं काय? तुमचाच तर आहे."

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं दवाखान्यातून निरोपाला मिळालेला छोटा तराजू काढला. बायकोला एकेक जिन्नस तिच्या हातानं उचलून कागदावर टाकायला लावला, वजन केलं, पुड्या बांधल्या. आलं अकरा ग्रॅम. लवंगा दोन. मिरी तीन. वेलदोडे साडेतीन, सालासकट.

"साडेतीन? मग उरलेला अर्धा?"

"उद्याला."

दालचिनी करंगळीच्या नखाएवढी. नख कुणाचं, ते त्यानं विचारून घेतलं आणि तिच्या करंगळीला पट्टी लावली. शेवटी चहाच्या पातेल्यावर बाहेरून कागदाची उभी पट्टी चिकटवली. औषधाच्या बाटलीवर डोस दाखवायला चिकटवत तशीच, कात्रीनं खाचा पाडलेली. या खाचेपर्यंत पाणी, त्या खाचेपर्यंत दूध.

"सगळं लिहिलंत?" बायकोनं विचारलं.

"सगळं."

"करतात कसा, ते?"

"चहा काय, उकळला की झाला."

तिनं त्याच्याकडे क्षणभर बघितलं. "बघा मग," म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

पहिल्या दिवशी कंपाउंडर सहाला उठला. आपली सकाळ कुठं वाया जाते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायको आतून ओरडणार, "अहो, पेपर आणा." पेपर दोन मजले खाली, जिन्याखालच्या पेटीत. चपला सापडणार नाहीत, कारण काढताना भिरकावलेल्या. चपला सापडल्या की चष्मा नाही. चष्मा सापडेपर्यंत ती आणखी दोनदा ओरडणार. हा सगळा गोंधळ त्यानं एका फटक्यात निकालात काढला. चष्म्याला दोरी लावून तो गळ्यात अडकवला. चपला दाराशी जोडीनं मांडल्या. पेपर साडेसहालाच वर आणून ठेवला. मग ऑपरेशनला निघालेल्या सर्जनच्या चेहऱ्यानं तो स्वयंपाकघरात शिरला. हा चेहरा सदतीस वर्षांत वापरायची संधी मिळाली नव्हती.

पाणी, दूध, साखर, पत्ती, पुडीतला मसाला, सगळं एकदम पातेल्यात. घड्याळ लावून तीन मिनिटं. पहिल्याच मिनिटाला कागदाच्या पट्टीनं पेट घेतला. ती त्यानं फुंकून विझवली आणि चहा गाळला.

मास्तरांनी घोट घेतला. डोळे मिटले नाहीत.

"काय झालं?" कंपाउंडरनं विचारलं.

"रंग हजर आहे," मास्तर म्हणाले. "चहा अजून वर्गाबाहेर उभा आहे."

"आणि हा जळका वास कसला रे?" दातवाल्यांनी कप नाकाशी नेला.

"धुरी दिलीय. नवी पद्धत आहे."

मोजणीदारांनी पाऊण कप खाली ठेवला. पाऊण, म्हणजे उरलेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन पुड्या टाकल्या. दातवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "घसा लख्ख झाला हो," ते म्हणाले, "पण आम्ही कुठं घसा दुखतोय म्हणून आलो होतो?" तिसऱ्या दिवशी आलं थेट दुधात टाकलं आणि दूध फाटलं, त्या दिवशी बिस्किटांवर भागवलं.

चौथा दिवस रविवार. कॉफी. कागदावर लिहिलं होतं, 'जायफळ किसणीवर चारदा घासणे.' हे माणशी की सगळ्यांत मिळून, ते विचारायचं राहिलं होतं. डोस नेहमी माणशी असतो या हिशेबानं कंपाउंडरनं चार कपांचं सोळा वेळा घासलं आणि तेवढ्यावर समाधान होईना म्हणून वर आणखी थोडं. सव्वाआठला मास्तर तोंड उघडं टाकून घोरत होते. दातवाल्यांची मान छातीवर पडली होती. पाहुण्यांत जागे फक्त मोजणीदार, कारण त्यांनी दोनच घोट घेतले होते.

"अकरा मिनिटं झाली," ते मास्तरांकडे बघत म्हणाले. "आता माझं ऐक. मुलानं कॉफीचं यंत्र पाठवलंय. बटण दाबलं की फेस येतो, वरून दालचिनीची पूड भुरभुरवायची. परवापासून बैठक माझ्याकडे."

"फेस दाढीलाही येतो," दातवाले डोळे न उघडता म्हणाले.

"त्या फेसाला चव असते." मोजणीदार उठले. दारापाशी वळले. "एक विचारू का रे? अकरा वर्षांचा हात चार दिवसांत कसा जातो?"

"हवा," कंपाउंडर म्हणाला. "हवेचा परिणाम होतो मसाल्यावर."

"हं. उद्याचा दिवस बघू. हवा सुधारली तर ठीक."

त्या दुपारी कंपाउंडरला झोप लागली नाही, जायफळ पोटात असूनही. दवाखान्यात औषधं तो बनवायचा. बरं वाटलेले लोक येऊन म्हणायचे, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. खिडकीच्या मागं तो बाटलीला बूच लावत ते ऐकायचा. त्याच्या हाताला गुण आहे असं जगात फक्त तीन माणसं म्हणाली होती, तीही चहामुळे. परवा ती मोजणीदारांच्या यंत्रापुढं बसणार आणि तेरवा, फेस निवळला की, विचार करू लागणार.

सोमवारी सात पंचविसाला त्यानं बायकोला फोन लावला. हात आल्यानं बरबटलेले आणि डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून फोन साखरेच्या डब्याला टेकवून स्पीकर लावला.

"हळू बोला, तिचा आत्ता डोळा लागलाय. काय झालं?"

"काही नाही. ती वजनं... तू बरोबर दिली होतीस ना?"

"म्हणजे बिघडला."

"बिघडला नाही. जमत नाहीये."

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून."

"आणि फोन आज! धन्य आहे."

"ते मोजणीदारांकडे जाणार आहेत उद्यापासून. यंत्रावर. आता तूच सांग, काय राहिलं माझं? सगळं मोजून घातलं, एक मिरी इकडची तिकडे नाही."

ती म्हणाली, "पेपर कधी आणता?"

"पेपरचं काय मध्येच?"

"विचारते ते सांगा."

"साडेसहाला. आधीच आणून ठेवतो, मध्ये खोळंबा नको."

"चपला?"

"दाराशी, जोडीनं. चष्म्याला दोरी लावलीय. आता काही शोधावं लागत नाही."

फोनमधून आधी खोकल्यासारखा आवाज आला. ती पदर तोंडावर धरून हसत होती.

"अहो, मसाला घालून पाणी उकळायचं, पत्ती टाकायची, गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचं. मग मी तुम्हाला पेपरला पाठवायचे. तुम्ही चपला शोधायचात, चष्मा शोधायचात, माझ्यावर खेकसायचात, खाली जाऊन खालच्या बाईंशी हवापाण्याचं बोलायचात. तेवढ्यात चहा मुरायचा. तुम्ही दारात दिसलात की मी गरम दूध ओतायचे. घड्याळ बघत बसायला मला कुठं वेळ होता?"

"म्हणजे अकरा वर्षं तू मला..."

"चाळीस. पेपरच्या आधी दुधाच्या बाटल्या होत्या."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चपला जागेवर ठेवल्या असत्या."

पडद्यापलीकडे कुणीतरी घसा खाकरला. कंपाउंडरनं कोपरानं पडदा सारला. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं, तिघेही आत उभे होते आणि भिंतीवरच्या घड्याळात सात बत्तीस झाले होते. मोजणीदार आत आले ते साडेसातला. म्हणजे त्यांनी पूर्ण दोन मिनिटं ऐकलं होतं.

"वहिनी, नमस्कार," मास्तर फोनला म्हणाले.

"अगंबाई! भाऊजी, तुम्ही सगळे तिथंच?"

"तिघेही. कंपाउंडर, उभा राहा."

"उभाच आहे."

"मसाला कुणाचा?"

कंपाउंडरनं बोटांना लागलेल्या आल्याकडे बघितलं. हवा, पाणी, गॅस, दूध, दोष द्यायला अजून बरंच काही शिल्लक होतं.

"हिचा," तो म्हणाला.

मोजणीदार खुर्चीत बसले. "अकरा वर्षं मी याच्या हाताचं कौतुक घरी सांगतोय," ते म्हणाले. "माझ्या बायकोनं काय काय ऐकून घेतलंय त्यापायी. आता तिला काय तोंड दाखवू?"

"आहे तेच," दातवाले म्हणाले. "दात तेवढे माझे."

"भाऊजी, अगदीच खोटं नव्हतं हो त्यांचं," फोन म्हणाला. "मसाला माझा, पण मुरवणं यांचंच. निम्मं खरं बोलत होते. फक्त त्यांना ते माहीत नव्हतं."

मोजणीदारांनी यावर थोडा विचार केला आणि खिशातून घड्याळ काढलं. "पेपर आणायला हा किती मिनिटं लावायचा?"

"मोजलं नाही कधी. चपला कॉटखाली असल्या तर एवढी, मोरीपाशी असल्या तर तेवढी."

"अंदाजे?"

"अंदाजच आहे सगळा."

"असं चालत नाही," मोजणीदार उठत म्हणाले. "आज पक्कं काढू. दातवाले, याच्या चपला टाका कुठंतरी. मास्तर, चष्मा घ्या त्याच्या गळ्यातला."

पाणी ठेवलं. एकच पुडी टाकली. उकळी आली, पत्ती पडली, गॅस बंद झाला, झाकण बसलं. साखरेच्या डब्यापासून तो जुना, चाळीस वर्षं ऐकलेला आवाज आला, "अहो, पेपर आणा."

"चपला कुठं आहेत?" कंपाउंडर खेकसला. त्याला तसं ठरवून खेकसावं लागलं नाही.

"जिथं टाकल्यात तिथं."

एक चप्पल कपाटामागं मिळाली, दुसरी धुण्याच्या बादलीत. चष्मा मास्तरांनी स्वतःच्या नाकावर लावला होता, आणि चष्म्याशिवाय कंपाउंडरला मास्तर नीट दिसत नसल्यानं तो सापडायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तो खाली गेला. पेटी रिकामी होती, पेपर साडेसहापासून वरच होता. पण खालच्या बाई दारात उभ्या होत्या, तेव्हा उकाडा वाढल्याचं बोलून घेतलं. रिकाम्या हातानं वर आला.

"नऊ मिनिटं वीस सेकंद," मोजणीदार म्हणाले. "दूध ओत."

मास्तरांनी घोट घेतला. डोळे मिटले, उघडले. "आला वर्गात," ते म्हणाले.

मोजणीदारांनी कप तळापर्यंत रिकामा केला, तिरका करून आत बघितलं आणि कंपाउंडरपुढं धरला. "अर्धा," ते म्हणाले. "यंत्राचं नंतर बघू."

"झाला का हो?" फोननं विचारलं. तिला उत्तर द्यायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दोन महिन्यांनी बायको परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेरच्या खोलीत त्या तिघांबरोबर चौथ्या खुर्चीत बसली आणि नात कुणावर गेलीय ते सांगू लागली. आतून आल्याचा वास येत होता. झाकण पातेल्यावर बसल्याचा आवाज झाला आणि पडद्यातून कंपाउंडरची मान बाहेर आली.

"अगं, माझा चष्मा बघितलास?"

चष्मा तिच्या मांडीवर, रुमालाखाली होता.

"नाही बाई," ती म्हणाली.

मोजणीदारांनी घड्याळ काढलं.