सुनंदाबाईचा खड्डा

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी नवलने मुरमाची ट्रॉली बोलावली, आणि जीवराम प्लास्टिकची खुर्ची घेऊन खड्ड्यात जाऊन बसला.

धुळ्यात साक्री रोडवरच्या त्या कॉलनीला ओपन स्पेस एकच. कडेला कडुलिंब आणि मधोमध दगडगोट्यांनी भरलेला पसरट खड्डा. जीवरामच्या बायकोने, सुनंदाबाईने, सगळ्यांच्या मागे लागून तो खणवून घेतला होता. पावसाळ्यात गच्च्यांवरचं पाणी पाइपांनी त्यात यायचं आणि जमिनीत जिरायचं. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गावात कॉलनीची बोअर वैशाखातही चालायची ती त्यामुळे, असं ती म्हणायची. मागच्या दिवाळीच्या तोंडावर डेंग्यूने ती गेली. तेव्हापासून जीवरामने खड्ड्यात पाय ठेवला नव्हता.

नवल कॉलनीचा चेअरमन. खड्डा बुजवायचा, वर पेव्हर ब्लॉक बसवायचे, म्हणजे गाड्या लावता येतील आणि मांडव घालता येईल, असा त्याचा बेत. त्यासाठी आलेले मजूर कडेला सिमेंट कालवत होते.

"नाना, उठा. मीटिंगमध्ये ठरलंय."

"मी उठाव नही." संतापला की जीवरामच्या तोंडात पारोळ्याकडची अहिराणी यायची. "टाक मुरूम. मन्हा डोकावर टाक."

ट्रॅक्टरवाला झुलाल खाली उतरला आणि तंबाखू मळायला लागला. "तठे मानूस बशेल शे. मी कसा टाकू?"

माणसं जमली. "छत्रीपण आणायची ना नाना, ऊन चढतंय," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "अरे, नानाला डबा पाठवा कोणी." मागून आवाज आला, "डबा देणारी गेली ना." दोघं-तिघं हसले. जीवरामने त्यांची तोंडं नीट बघून ठेवली.

समोरच्या घरातल्या प्रमिलाबाई पुढे आल्या. त्यांचा नातू त्याच डेंग्यूतून कसाबसा वाचला होता.

"हसू नका रे. नाना, तुमच्या पायाखाली बघा. अळ्या वळवळताहेत. माझं पोर मरता मरता राहिलं. तुमच्या बायकोलाही याच खड्ड्याने खाल्लं, आणि तुम्ही त्यालाच कवटाळून बसलात?"

दिवाळीपासून खड्ड्याशेजारून जाताना जीवराम स्वतःला हेच विचारत होता. तिनेच खणवला आणि तिलाच घेऊन गेला. तो उठला. झुलालने तंबाखू तोंडात टाकली आणि ट्रॅक्टर चालू केला.

खुर्ची उचलताना जीवरामची चप्पल चिखलात रुतली. त्याने पाय ओढला. पुन्हा रुतला. साबणाचा वास आला.

"थांब रे," तो झुलालला म्हणाला.

पाऊस जाऊन कित्येक महिने झाले होते. गच्च्या तव्यासारख्या तापल्या होत्या. मग हा चिखल कुठला? त्याने पेव्हरवाल्या मजुराच्या हातातलं पावडं घेतलं आणि जिथे हिरवं शेवाळ होतं तिथले दगड ओढायला लागला. खाली पाइप निघाला. तो कुठल्या गच्चीकडे जात नव्हता, सरळ नवलच्या कंपाउंडखाली जात होता. सगळ्यांच्या देखत त्यातून फेस आला. कोमट.

"हाई पानी कोनं शे रे, नवल?"

नवलने इकडेतिकडे बघितलं. "आमची सेप्टिक टाकी भरते, म्हणून बाथरूमचं पाणी तात्पुरतं इथे जोडलंय."

"कवयपासून?"

"झालं असेल वर्ष. त्याचं काय एवढं? डासांवर माझं नाव लिहिलंय का?"

जीवरामच्या हातात पावडं होतं. ते सगळ्यांनी बघितलं, नवलनेही, आणि तो एक पाऊल मागे सरला. पण जीवराम खाली बसला. खांद्यावरचा रुमाल काढून त्याने पाइपात कोंबला, पावड्याच्या दांड्याने आत ठोकला आणि मजुरांनी कालवलेलं सिमेंट वरून थापलं.

"पोलीस बोलवीन, नाना!"

"बलाव."

तेवढ्यात नवलच्या घरातून त्याच्या लेकीची, दिपमालाची, किंकाळी आली. ती अखाजीला माहेरी आली होती. "बाबा! बाथरूममधून पाणी उलटं येतंय! घरात शिरलं!"

नवल पळाला. लोक पुन्हा हसले. मघाचेच लोक. प्रमिलाबाई हसल्या नाहीत. त्या नवलच्या पाठीवर शिव्या घालत राहिल्या, दम लागेपर्यंत. मग जीवरामकडे वळल्या.

"नाना, मला माहीत नव्हतं हो."

"आता पडलं ना माहीत. घर जा."

झुलालने ट्रॅक्टरवरून विचारलं, "नाना, मुरूम कोठे टाकू?"

"जेन्ही बलायं, तेन्हा दारमा टाक."

झुलालला तेवढंच हवं होतं. त्याने ट्रॉली मागे घेतली आणि नवलच्या फाटकासमोर अख्खी उलटी केली.

दुसऱ्या दिवशी अखाजी. गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायचा दिवस, आणि सुनंदाबाईची ही पहिली घागर. नळाचा दिवस नव्हता. जीवरामने बोअरचं पाणी भरलं, घागरीवर आंबा आणि सांजोरी ठेवली आणि ती घरात न ठेवता खड्ड्याच्या काठावर कडुलिंबाखाली ठेवली. वरच्या फांदीला माहेरवाशिणींनी झोके बांधले होते. खाली घागर बघून आज त्यांतली एकही झोक्यावर बसली नाही. प्रमिलाबाईंनी आंब्याच्या रसाची वाटी ओपन स्पेसच्या बुटक्या भिंतीवर आणून ठेवली. जीवरामने ती तिथेच राहू दिली, माशा बसल्या तरी.

खड्ड्यातला चिखल वरून सुकायला लागला होता. सुनंदाबाईला चावलेला डास कुठला, हे आता कोणी सांगू शकणार नव्हतं.

सणाला मजूर मिळत नाही. नवल स्वतःच पाटीने मुरूम उपसत होता, घामाघूम होऊन, मान खाली घालून. जीवरामने खुर्ची उचलली, नवल नीट दिसेल अशी फिरवली आणि घागरीशेजारी बसून राहिला.