माझ्या पोटावरचा उलटा नंबर

मित्रांनो, मी एक जुनी रबरी पिशवी आहे. गरम पाणी भरून पाठ, पोट, गुडघा शेकायची. रंग तांबडा, तोंडाला काळं बूच आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, जळका. पोटात कढत पाणी घेऊन जगणारीचा दुसरा कसा असणार?

कारखान्यातल्या साच्यातून निघाले तेव्हा मी कशी गुळगुळीत होते! चौदा वर्षांपूर्वी गारखेड्यातल्या फहमिदाआपांनी मला स्वतःच्या गुडघ्यासाठी विकत आणलं. पण त्यांच्या वरच्या खोलीत परदेशातून शिकायला आलेल्या मुली भाड्यानं राहू लागल्या आणि मी त्यांची झाले. येमेन, इराक, सुदान, कुठकुठल्या मुलींची दुखणी मी शेकली! एक जण मायदेशी जाताना मला कवटाळून रडली होती. आपा सगळ्यांना सांगत, "ये हमारी आधी डाक्टर है." ते ऐकून मी पाणी नसतानाही फुगायचे.

मग गेल्या वर्षी सुदानहून इस्रा आली आणि तिच्याबरोबर आलं आरोग्य विम्याचं एक कार्ड. कॉलेजातून मिळालेलं, तळहाताएवढं, चकचकीत. ना अंगात ऊब, ना माया. तरी इस्रा म्हणाली, "आपा, आजारी पडले तर हे दाखवायचं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं राबले मी आणि दाखवायचं याला!

पण आपांनी त्याच्यावरचा एक शब्द वाचला आणि माझं नशीब उघडलं. शब्द होता 'कॅशलेस'.

"कॅशलेस म्हंजे जिसके पास कॅश नाही. कंगाल!" आपा म्हणाल्या. "हे दाखवलं तर दवाखान्यात इज्जत कोण देईल? नक्को, आत ठेव."

इस्रा मानी मुलगी. तिनं ते कपाटात ठेवलं, नेमकं माझ्या खाली. सवत उरावर बसते म्हणतात. इथं मीच सवतीच्या उरावर बसले. त्या वर्षात मला कुणी पुसलं नाही की पावडर लावली नाही. मे महिन्याच्या उकाड्यात माझं रबर चिकट झालं आणि मी त्या कार्डाला आणखी घट्ट दाबून धरलं.

एका सकाळी इस्राच्या पोटात कळ उठली. उलट्या सुरू झाल्या. आपांनी धावत येऊन मला उचललं तर खाली कार्ड चिकटलेलं. त्यांनी ते फर्रकन ओढून पलंगावर फेकलं आणि माझ्यात पाणी भरलं. मी मनात म्हटलं, बघ रे चकचकीत, आता बघ माझी करामत.

करामत कसली! कळ वाढतच गेली. शेजारचे रिक्षावाले सांडूभाऊ हाकेसरशी आले, त्यांनी विचारलं, "उजवीकडं खाली दुखतंय व्हय? आपा, ती पिशवी काढा आधी! आमच्या मंडळीचं अपेंडिक्स असंच व्हतं, डॉक्टर लई रागावला शेकलं म्हणून. चला, पण न्यायचं कुठं?"

"कार्डावर... फोन नंबर आहे," इस्रा कण्हत म्हणाली. "ते दवाखाना सांगतात."

आपांनी कार्ड उचललं. नंबरच्या जागी नुसता पांढरा डाग होता. कॉलेजला सुट्ट्या, तिथं कुणी फोन उचलेना. मित्रांनो, लपवत नाही, मला आनंद झाला. बरी जिरली! पण मग इस्राच्या कपाळावरचा घाम दिसला, पांढरे पडलेले ओठ दिसले आणि तो आनंद माझ्याच पोटात आंबला.

तेवढ्यात इस्राची नजर माझ्यावर गेली. माझ्या पोटावर काळे आकडे उमटले होते, पण उलटे.

"आपा, आरसा!"

आपांनी मला आरशासमोर धरलं. एकेक आकडा वाचला. सांडूभाऊंनी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी यादीतला जवळचा दवाखाना सांगितला, वर बजावलं, "कार्ड आणि पासपोर्ट सोबत घ्या. भरती होताच तिथल्या विम्याच्या खिडकीवर कळवा."

नंबर माझ्या अंगावर, म्हणून आपांनी माझ्यातलं पाणी ओतून टाकून मलाही पदराखाली घेतलं. अपेंडिक्सच होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर ते फुटलं असतं. दुपारी ऑपरेशन झालं. खिडकीवरच्या मुलीनं आपांना समजावलं, "कॅशलेस म्हणजे बिल कंपनी दवाखान्याला परस्पर देते. नियमात बसेल तेवढं."

"या अल्लाह," आपांनी कपाळावर हात मारला. "और मैं पोरीला कंगाल समझी!"

इस्रा बरी झाली. तिनं नंबर मोबाईलमध्ये लिहून घेतला, कॉलेजातून नवं कार्ड मागवलं, त्याचा फोटो काढला आणि ते पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं. मला पुसून, सावलीत वाळवून पावडर लावली. पोटावरचे आकडे मात्र घासले नाहीत.

मित्रांनो, मला कोरडी ठेवा आणि दुखण्याचं कारण कळल्याशिवाय पोटावर ठेवू नका. कार्ड माझ्या खाली तर कधीच ठेवू नका, माझा भरवसा नाही. आता वरच्या खोलीत नवी मुलगी आली की आपा मला तिच्यापुढे धरतात, पोटावरचा नंबर दाखवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "तुझं कार्ड कुठंय?"

हातात मी असते, तोंडात त्याचं नाव.