मधेच म्हटलेलं आमेन

धनंजय उबाळे प्रार्थनेला उभे राहिले की घरातल्या माणसांना आपापल्या चुका आठवायला लागत, कारण त्या प्रार्थनेत येणार हे ठरलेलं असे. देवाशी बोलता बोलता ते सगळ्या भावकीचा समाचार घेत. कुणी नवऱ्याला उलट बोललं, कुणाचं पोरगं रविवारी उपासना सोडून क्रिकेटला गेलं, सगळं वर कळवलं जाई, आणि ज्याच्याबद्दल चाललंय तो बिचारा समोर डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत उभा. प्रार्थनाच ती. मधे बोलायची सोय नाही. नगरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, ते कित्येक वर्षं पंच होते. शब्द खणखणीत, आवाज भरदार. नवखा माणूस म्हणे, काय सुंदर प्रार्थना करतात!

विभा ही त्यांच्या धाकट्या भावाची, उल्हासची बायको. उल्हासला लखनौच्या संशोधन संस्थेत नोकरी लागली, विभानेही बँकेतून बदली मागून घेतली आणि दोघं इंदिरा नगरात स्थिरावली, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. गाव सुटल्याचं तिला वाईट वाटलं होतं. थोरल्या दिरांच्या प्रार्थना सुटल्या याचं मात्र कधीच नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात विभाच्या मुलीचं, अपूर्वाचं बाळ पोटातच गेलं. सातवा महिना होता. एका सकाळी हालचाल थांबली, इतकंच. डॉक्टरांनी सांगितलं, नाळेला पीळ बसला, कुणाच्या हातातली गोष्ट नव्हती. मुलगी होती. अपूर्वाने आणि निनादने तिचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, ऋचा. निनाद हिंदू. नागपूरकडचा, लखनौच्याच महानगर भागात भाड्याच्या घरात राहणारा, मितभाषी मुलगा. लग्न रजिस्टर झालं होतं आणि धनंजयभाऊजी त्याला आले नव्हते. पण बाळ गेलं तेव्हा इथल्या हिंदी चर्चच्या पाळकसाहेबांनी एक प्रश्न न विचारता कब्रस्तानात जागा दिली. निनादने ती एवढीशी पेटी स्वतःच्या हातांनी खाली ठेवली.

तेव्हापासून विभा चर्चमध्ये जात होती, ओठ हलवत होती, पण देवाशी एक अक्षर बोलली नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

डिसेंबरात भाऊजींचा फोन आला. "आम्ही नाताळला येतो. अशा वेळी घरात प्रार्थना हवी."

विभा उल्हासला म्हणाली, "नको म्हणून सांग. या वर्षी नको."

"दादा आहे गं. त्याला नाही कसं म्हणू?"

"तोंडाने म्हण. नाही. एक शब्द आहे."

उल्हासने चष्मा पुसला. चष्मा पुसणं हे त्याचं जन्माचं उत्तर होतं. विभाचं डोकं त्या दिवसापासून जे तापलं ते तापलंच.

धुक्यामुळे गाडी अर्धा दिवस उशिरा चारबाग स्टेशनला लागली. भाऊजी उतरले, मागून नयनाताई, विभाच्या थोरल्या जाऊबाई, हातात करंज्यांच्या सारणाचा डबा घेऊन. टॅक्सीत बसल्या बसल्या भाऊजींनी हात जोडले. सुखरूप प्रवासाबद्दल आभार मानले आणि लगेच, "या दुःखातून तुला जे शिकवायचं आहे, ते शिकण्याची नम्रता या कुटुंबाला दे." विभा खिडकीबाहेर बघत राहिली. टॅक्सीवाल्या भैयाने मात्र आदराने रेडिओ बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी दोघी जावा करंज्या करायला बसल्या. नयनाताईंना मूल नव्हतं. तीनदा दिवस राहिले, तिन्हीदा गेले, आणि तेव्हा धनंजयभाऊजींनी भर घरात, पाहुण्यांच्या देखत, वर्षानुवर्षं प्रार्थना केली होती की हिच्या विश्वासात जे उणं आहे ते भरून काढ. हे सगळ्या नात्यात माहीत होतं. कुणी त्यावर बोलत नसे.

"ताई, उद्या अपूर्वा आणि निनाद जेवायला येणार," विभा लाटता लाटता म्हणाली. "तुम्ही भाऊजींना सांगा. तिच्याविषयी काही नको."

"सांगेन की. पण माझं कधी ऐकलंय त्यांनी?" ताईंनी करंजीची कड दुमडली. "तूच सांग. तुला जरा तरी घाबरतात. बँकेत साहेब आहेस."

विभाने सांगितलं. भाऊजी उन्हात गॅलरीत शेंगा खात बसले होते.

"भाऊजी, एक विनंती आहे. उद्याच्या प्रार्थनेत अपूर्वाचं नाव घेऊ नका. अजून तिला सोसवत नाही."

त्यांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "नाही घेणार नाव."

नाताळच्या दिवशी उपासना झाली. शेजारच्या मिश्रा आंटी ‘बड़ा दिन मुबारक’ म्हणत तिळाची गजक देऊन गेल्या. दुपारी मटणाचा पुलाव, कोशिंबीर, करंज्या, सदर बाजारच्या बेकरीतला केक, असं सगळं टेबलावर मांडलं. अपूर्वा आली होती ती निनादचा जाडजूड स्वेटर घालून. दोन महिन्यांत तिच्या गालांची हाडं वर आली होती. मोठ्या काकूने जवळ घेतलं तेव्हा ती थोडा जास्त वेळ तशीच उभी राहिली.

सगळे टेबलाभोवती उभे राहिले. घरातला थोरला पुरुष प्रार्थना करणार ही उबाळ्यांची रीत. भाऊजींनी घसा साफ केला.

"हे दयाळू परमेश्वरा, आजच्या पवित्र दिवशी तू आम्हांला एकत्र आणलंस, या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो." इथपर्यंत ठीक होतं. मग ते थांबले, श्वास घेतला. "प्रभू, या घरावर तू दुःखाचा हात ठेवलास. तुझा हात उगाच पडत नाही. जे तुझ्या लोकांना सोडून बाहेर सोयरीक करतात, त्यांना तू या आघाताने जागं करतोस. मूळच परक्या जमिनीत गेलं तर फळ कसं धरावं? म्हणून, हे पित्या, या लेकराला पश्चात्तापाची..."

"आमेन," विभा म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. निनादने दचकून डोळे उघडले. भाऊजी क्षणभर अडखळले, पण इतक्या वर्षांचा सराव होता, त्यांनी आवाज चढवला. "पश्चात्तापाची बुद्धी दे, आणि तिच्या पतीलाही..."

"आमेन! झाली प्रार्थना. बसा सगळे."

"विभा," उल्हास पुटपुटला, "बस कर."

"तू चष्मा पूस."

भाऊजींचा चेहरा लालबुंद झाला होता. "प्रार्थना अडवतेस? देवाच्या आणि माणसाच्या मधे येतेस?"

"कुठला देव? तुम्ही देवाशी बोलतच नव्हता. तोंड वर होतं, पण बोट माझ्या पोरीकडे होतं. काल विनवून सांगितलं ना तुम्हांला?"

"नाव घेतलं का मी? सांग, घेतलं नाव?"

"नाही घेतलं! केवढी दया केलीत! नाव न घेता चाबूक मारला की वळ उठत नाही वाटतं?" विभाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "जे समोर उभं राहून तिला बोलायची तुमची छाती नाही, ते डोळे मिटून बोलता. म्हणजे तिने उत्तर द्यायचं नाही. दिलं तर देवाचा अपमान. जन्मभर हेच केलंत. ताईंना हेच केलंत."

"मग तू कर प्रार्थना," भाऊजी म्हणाले. कुचेष्टेने म्हणाले, पण म्हणाले. "करून दाखव तुझी शुद्ध प्रार्थना."

"करते."

तिने डोळे मिटले नाहीत. पुलावाच्या वाफेकडे बघत ती बोलायला लागली आणि पहिलं वाक्य तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच कळलं की हे कधीचं तयार होतं.

"देवा, मला तुझा राग आलाय. ऑक्टोबरपासून आलाय. तुझ्या घरी येते, गाणी म्हणते, पण तुझ्याशी बोलले नाही, तुला ठाऊकच असेल. ऋचाला तू का नेलंस ते मला माहीत नाही. यांनाही माहीत नाही, हे उगाच माहीत असल्यासारखं बोलतात. एवढीशी पोर. तिने एकदा रडायचं तरी होतं, तेवढंही दिलं नाहीस. तुझाही मुलगा गेला ना? मग तुझ्या दाराशी येऊन तुझं काय चुकलं असं कुणी विचारलं होतं तुला? माझ्या मुलीचं काही चुकलेलं नाही. निनादचं काही चुकलेलं नाही. हे तू सांग त्यांना, मी सांगून सांगून थकले. मी तुला सोडून कुठे जाणार नाही, जायला जागाच नाही, पण आभार मात्र आज मागू नकोस माझ्याकडे. अन्न गार होतंय. आमेन."

"आमेन," नयनाताई म्हणाल्या. स्पष्ट म्हणाल्या. आणि खाली बसून त्यांनी पुलावाचा डाव हातात घेतला.

अपूर्वा ताट न घेता गॅलरीत गेली. विभा तिच्यामागे गेली. आता पोर गळ्यात पडेल असं तिला वाटलं होतं. अपूर्वाने वळून पाहिलं ते डोळ्यांत अंगार घेऊनच.

"मम्मी, तुमने भी तो वही किया."

"मी? मी काय केलं?"

"मेरे सामने, मेरे बारे में, ऊपरवाले से बातें. काका ने मुझे पापी बना दिया, तुमने बेचारी. मुझसे किसी ने पूछा? मैं वहीं खड़ी थी, मम्मी. हाथ बढ़ाती तो छू लेती."

आत जे शब्द धडाधड आले होते ते सगळे कुठे पळाले कोण जाणे. समोर कुणाच्या तरी गच्चीवरचा पतंग कापला गेला आणि खाली गल्लीत पोरं ओरडली.

"चुकलं," ती शेवटी म्हणाली. "तुला विचारायला हवं होतं."

अपूर्वा कठड्याला टेकली. मग म्हणाली, "ऋचा बोला तुमने. इस घर में पहली बार किसी ने उसका नाम लिया. सब ‘वो जो हुआ’ बोलते हैं." नंतर ती मराठीत आली, लहानपणी ताप भरला की यायची तशी. "मलापण राग आहे, मम्मी. एवढा राग आहे की मी चर्चमध्ये येऊ शकत नाही. मला वाटलं मलाच आहे फक्त."

"नाही गं बाळा," विभा म्हणाली. "माझ्याकडे पण ढीगभर आहे."

आत भाऊजींनी बॅग बाहेर काढली होती. "चल नयना. या घरात पाणी प्यायचं नाही. चारबागला जाऊन बसू, गाडी मिळेल ती मिळेल."

"तिकीट परवाचं आहे," नयनाताई जेवता जेवता म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे. स्टेशनवर थंडी आहे, मफलर घ्या. मी या मुलीजवळ थांबणार आहे. माझ्याजवळ कुणी थांबलं नव्हतं."

एकट्याने लखनौच्या धुक्यात बॅग ओढत जाणं भाऊजींना जमणारं नव्हतं. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

आणि तेव्हा कुठे उल्हास उठला. आपल्या थोरल्या भावाच्या बंद दारासमोर जाऊन उभा राहिला. आवाज बारीकच होता, पण सगळ्यांना ऐकू आला. "दादा, जेवायला ये. तुझं ताट वाढलंय. पण त्याआधी अपूर्वाची आणि निनादची माफी माग."

"मी सत्य तेच बोललो," आतून आलं.

"मग ताट झाकून ठेवतो," उल्हास म्हणाला, आणि खरोखरच त्याने ताटावर ताट घातलं. विभाने नवऱ्याकडे पाहिलं. तिचा त्याच्यावरचा राग गेला नाही, पण त्यातला एक टवका निघाला.

जेवण झाल्यावर अपूर्वा, निनाद, विभा आणि नयनाताई रिक्षा करून कब्रस्तानात गेले. सणाचा दिवस, बरीच माणसं आली होती, मेणबत्त्या, झेंडू. ऋचाच्या जागेवर अजून दगड बसवलेला नव्हता, नुसता मातीचा उंचवटा. निनादने त्यावरची वाळकी पानं काढली. कुणी प्रार्थना केली नाही. नयनाताई मातीवर हात ठेवून बसल्या आणि आपल्या तिघांचं, ज्यांना कधी नावंच ठेवली गेली नाहीत त्यांचं, अपूर्वाला सांगत राहिल्या. अपूर्वा ऐकत होती. मधेच विचारत होती. तिला दोन महिन्यांत इतकं बोलताना विभाने पाहिलं नव्हतं. विभा जरा लांब उभी राहिली आणि देवाला मनातल्या मनात पुन्हा चार शब्द सुनावले. ऐकून घेत होता बहुधा. निदान उलट बोलला नाही.

घरी परतले तेव्हा झाकलेलं ताट रिकामं होतं. भाऊजी वर्तमानपत्र पुढे धरून बसले होते. माफीचा शब्द त्यांनी त्या दिवशी काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. निघताना, बॅग टॅक्सीत ठेवून झाल्यावर, ते विभापाशी आले. "अपूर्वाला सांग की..."

"मी निरोप नेणार नाही, भाऊजी," विभा म्हणाली. "तिचा नंबर आहे तुमच्याकडे. तिच्याशी बोला. डोळे उघडे ठेवून."

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, एका रविवारी अपूर्वाच्या फोनवर भाऊजींचं नाव झळकलं. ती आईकडेच आली होती, वाटाणे सोलत बसली होती. फोन वाजत राहिला. विभाच्या जिभेवर आलं होतं, उचल गं, किंवा नको उचलूस, तिचं तिलाच कळेना कुठलं ते.

"उठाऊँ कि नहीं, मैं देखूँगी," अपूर्वा म्हणाली. "तुम कुछ मत बोलना."

"बरं," विभा म्हणाली, आणि वाटाण्याची एक शेंग हातात घेऊन मुकाट्याने सोलायला लागली. फोन वाजून थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजायला लागला.