एक वाजून दहा मिनिटं

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातली ती इवलीशी हिरवी ढाल... आज तिच्यावर लाल फुली नव्हती. सकाळपासून सुकेशनीने पंजाबरावकाकांच्या टेबलावरून जाता-येता चारदा तिकडे पाहिलं होतं, आणि चारही वेळा ढाल शाबूत. असणारच. काल संध्याकाळी तिनेच मालेगावच्या या बियाणे कंपनीतल्या सातही कॉम्प्युटरच्या अँटिव्हायरसला पासवर्ड घातला होता. आता तो कुणालाच बंद करता येणार नव्हता. गेल्या महिन्यात मेडशीच्या गोदामातल्या मशीनमध्ये व्हायरस शिरला, बियाणं तपासणीचे दोन वर्षांचे निकाल गेले, त्यावरून काल सकाळी अकोल्याहून साहेबांचा फोन आला — कुलूप घाला, आणि कोण बंद करतं त्याचं नाव उद्या पाच वाजेपर्यंत मला पाठवा.

नाव तिच्याकडे होतं. मशीनने काढून दिलेल्या यादीत एकच नाव, रोज एक वाजून दहा मिनिटांनी.

एक-दहा म्हणजे जेवणाची सुट्टी. सगळे मागच्या खोलीत डबे उघडतात आणि काका म्हणतात, तुमी व्हा समोर, मी आलोच... सहा वर्षं ऐकतेय मी हे. आणि कधी वाटलंसुद्धा नाही, की हा माणूस मागे का राहतो. लॉट नंबर कसा वाचायचा, चिडून आलेल्या शेतकऱ्याला आधी पाणी कसं द्यायचं, हे यांनीच तर शिकवलं मला — मग त्या वेळात काय चालत असेल? कुणाला काही पाठवत असतील? दुसऱ्या कंपनीला?

आज ती डबा घेऊन मागे गेलीच नाही, काकांच्या शेजारच्या आपल्या टेबलाशीच थांबली.

"सुकेशनी, हे बंद काहून होऊन नाही राह्यलं वं?"

"वरूनच काही केलं असंल, काका."

किती सहज आलं ते तोंडातून!

"मशीन लय हळू चालते त्याच्यानं. म्हणून बंद करतो मी."

जेवणाच्या सुट्टीत कसली घाई, हे तिने विचारलं नाही. काका पडद्याकडेच पाहत होते. मग तसेच, मान न वळवता म्हणाले, "कुलूप तुलेच लावाले सांगतलं म्हणते आपला शिपाई."

तिने आपला डबा पिशवीत परत सारला.

"मले सांगतलं असतं तं मी आयकलं नसतं का?"

ते उठले, चपला घातल्या आणि चहाला निघून गेले. त्यांच्या टेबलाचा खण तसाच उघडा. चष्म्याचं घर, सुपारीची डबी, खाली एक काळा पेनड्राइव्ह — रोज एक-दहाला हाच लावत असतील का? तो खण नेहमीच उघडा असायचा. त्यातल्या टाचण्या तिने कितीदा न विचारता घेतल्या होत्या. साहेबांना पाठवायच्या मेलमध्ये नावाची जागा अजून कोरीच होती, आणि तो पेनड्राइव्ह आपल्या मशीनला लावून पाहायला एक मिनिटही लागलं नसतं... हात पुढे झाला आणि मध्येच थांबला — मी पाहावं म्हणूनच तर उघडा ठेवला नसेल? आता दाराआड उभे असतील, मी काय करते ते बघत...

तिने झटकन वळून पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. तरीही तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले, कुणालाही दिसतील असे, आणि तशीच बसून राहिली.