चाळिसावी पट्टी

भरल्या सभागृहात स्वतःच्या पोरीकडे पाठ करून दुसऱ्याच्या पोरासाठी टाळ्या वाजवायच्या, असा प्रकार मास्तरीणबाईंच्या घरात याआधी कोणी केला नव्हता. त्यांच्या मुलानं केला. तोही पहिल्या रांगेत बसून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. शर्ट आईनं शिवलेला.

मास्तरीणबाई शाळेत शिकवत नव्हत्या. शिकल्याच मुळी दुसरीपर्यंत होत्या. पण पन्नास वर्षं शिलाई मशीनवर बसून अर्ध्या गल्लीची मापं त्यांना तोंडपाठ झाली होती, म्हणून लोक त्यांना मास्तरीणबाई म्हणत.

त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना धरून लोक बाहेर उभे होते. स्टेजवर चाळीस मुलं ओळीनं बसलेली, प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळी मखमली पट्टी. त्यांच्यापुढून कोट घातलेला एक गृहस्थ माइक गिळल्यासारखा तोंडाशी धरून येरझाऱ्या घालत होता. शाळा त्याला सर म्हणे. मास्तरीणबाई कोटवाला म्हणत. कोटाची बाही दीड बोट लांब होती, आणि असली बाही घालून चारचौघांत हिंडणाऱ्या माणसाला ‘सर’ म्हणायला त्यांची जीभ वळत नसे.

“पालकहो! माणसाचा मेंदू दोन खोल्यांचा आहे. मधे एक दार असतं. ते जन्मापासून बंद! आम्ही ते सहा आठवड्यांत उघडतो. उघडलं की मूल डोळ्यांनी नाही, लहरींनी वाचतं! मग कसलं गणित आणि कसलं विज्ञान! पुस्तक नुसतं मांडीवर ठेवलं तरी आत उतरतं!”

एका मुलाच्या मांडीवर वर्तमानपत्र ठेवलं. पट्टी बांधलेल्या त्या पोरानं मान किंचित वर करून बातमीचा मथळा घडाघडा वाचला. एका मुलीनं हातातल्या पेन्सिलींचे रंग सांगितले. हॉलनं एकदम श्वास घेतला. मागे एका बाईला रडू फुटलं.

मग मास्तरीणबाईंच्या नातीची पाळी आली. नववीतली पोर. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आजीच्या मशीनखालच्या चिंध्यांत वाढलेली. तिच्या मांडीवर चित्राचं कार्ड ठेवलं.

“काय दिसतंय, बाळ?”

“काळं.”

“मन शांत कर. लहर येऊ दे. आता?”

“काळंच आहे, सर. मला काही दिसत नाही.”

हॉलमध्ये हसू फुटलं. कोटवाल्यानं तिच्या डोक्यावर थोपटलं. “हरकत नाही. चाळिसांत एखादं दार गंजलेलं निघतंच!” नेमक्या त्या वेळी तिच्या बापानं खुर्चीत अंग वळवलं आणि शेजारच्या पोरासाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. घरी परतताना तो दहा पावलं पुढे चालत होता. पोरगी आजीचं बोट धरण्याच्या वयाची नव्हती, तरी तिनं ते धरलं.

आता या पोरीच्या हातातून काय जात होतं ते सांगायला हवं.

शाळेत विज्ञानाच्या एक तरुण बाई आल्या होत्या. शिक्षकांसाठी असलेलं बारा दिवसांचं मोफत प्रशिक्षण त्यांनी सुट्टी मोडून केलं होतं, आणि त्यातून शाळेसाठी प्रयोगाच्या साहित्याचा मोठा खोका मिळवला होता. भिंगं, चुंबकं, सूक्ष्मदर्शक. मुख्याध्यापकांनी खोका कपाटात घालून कुलूप लावलं. “तुटलंफुटलं तर जबाब कोण देणार?” प्रयोगाची खोली मात्र त्यांनी कोटवाल्याला वर्गासाठी दिली. तिथं तुटण्यासारखं काही नव्हतं.

बाई हरल्या नाहीत. तारेच्या छोट्या कडीत पाण्याचा थेंब धरून भिंग कसं करायचं ते त्यांनी पोरीला शिकवलं. पोरीनं घरी येऊन ते आजीच्या शिलाईवर धरलं. “आजी, बघ, तुझा टाका वाकडा आहे!” पन्नास वर्षांत असं बोलायची कोणाची हिंमत झाली नव्हती. आजी दोन तास फुगून बसली आणि मग गुपचूप स्वतःच थेंबातून बघून आली.

याच बाईंनी पोरीचं नाव एका शिबिरासाठी पाठवलं होतं. मोठ्या संशोधन संस्थेत दहा दिवस, राहणं, जेवण, प्रवास सगळं त्यांचं, आणि शिकवायला खरेखुरे शास्त्रज्ञ. एका शाळेतून नववीची एकच मुलगी. हिची निवड झाली होती. फक्त बापाची सही राहिली होती.

बापानं ती केली नाही. कार्यक्रमानंतर कोटवाल्यानं त्याला बाजूला घेऊन, पण पोरीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, “हिला विज्ञान झेपायचं नाही. दार बंद असताना आत कोंबलं तर मेंदूला सूज येते.” हा माणूस पंप-मोटारी दुरुस्त करणारा. गिऱ्हाईक मोटार जळली म्हणालं तरी उघडून, तारांना मीटर लावून बघितल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नसे. पोरीच्या डोक्याबद्दल मात्र त्यानं कोटवाल्याच्या शब्दावर मान डोलावली.

शुक्रवारी संध्याकाळी बाई घरी आल्या. उद्या शेवटची तारीख होती.

“आजी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. एक सही हवी.”

“भर सभेत पोरीचं हसं झालं, तेवढं पुरे झालं. आणखी कुठं धिंडवडे काढायचेत?”

“त्यात काहीतरी लबाडी आहे, आजी. मला वाटतं पट्ट्यांमध्येच. मला जरा तपासू द्या...”

“पट्ट्या मी शिवल्यात!” मास्तरीणबाई कडाडल्या. “माझ्या कामात खोट काढायला उंबऱ्यात आलात?”

आणि त्यांनी दार लावलं. आत भिंतीला टेकून नात उभी होती. शनिवार आला तसा गेला.

सोमवारी एका मुलाची आई त्याची पट्टी घेऊन आली. इलॅस्टिक सैल झालं होतं. मास्तरीणबाईंनी ते बदललं आणि ताण बघायला पट्टी स्वतःच्याच डोळ्यांवर चढवली. मान जरा वर झाली. मांडीवर मापाची टेप पडली होती.

एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

त्या घाबरल्याच. सत्तरीची, दुसरी शिकलेली बाई, आणि मेंदूचं दार उघडलं! मग त्यांचा हात आपोआप नाकाकडे गेला. नाकाच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट होती. खाली बघितलं की मांडी लख्ख दिसत होती.

ती फट त्यांनीच बेतली होती. कोटवाल्यानं पट्टीचा कागदी नमुना आणून दिला तेव्हा त्यांनी त्याला ठणकावलंही होतं, “अहो, नाकापाशी उघडं राहील.” तो हसून म्हणाला होता, “राहू द्या, मावशी. लहरी नाकावाटेच शिरतात.” गिऱ्हाइकाला उघडंच हवं असेल तर आपलं काय जातं? नमुन्याबरहुकूम एकोणचाळीस पट्ट्या कापल्या. चाळिसावी नातीची होती. नमुना चुकीचा आहे हे दिसत असताना आपल्या नातीला तसली पट्टी घालून स्टेजवर बसवायचं? त्यांनी पोरीला स्टुलावर बसवलं, नाकाचं माप घेतलं, फट मिटेल असे दोन टक्स टाकले, कडेनं कापूस भरला. आयुष्यात इतकी सुबक पट्टी त्यांनी शिवली नव्हती.

नातीची पट्टी त्यांनी आता डोळ्यांवर चढवली. मिट्ट अंधार. टेप नाही, मांडी नाही, काही नाही.

त्यांनी मशीनवर झाकण घातलं. मग दोन्ही पट्ट्या पिशवीत घालून शाळेत गेल्या. बाई वह्या तपासत होत्या.

“तुमचं खरं होतं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आजवर कोणालाच ऐकवलं नव्हतं.

बाईंनी दोन्ही पट्ट्या लावून पाहिल्या. “आजी, नुसतं आपण म्हणून लोक मानणार नाहीत. सिद्ध करायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुलं तीच, पुस्तक तेच, सर तेच. फक्त पट्टी बदलायची.”

“म्हणजे ट्रायल. एक शिवण उसवायची, घालून बघायचं.”

“हो. ट्रायलच.”

“आणि ती सही? आज आणली तर?”

बाईंनी वही मिटली. “जागा शनिवारीच दुसऱ्या शाळेला गेली, आजी.”

“मग पुढच्या वर्षी.”

“ते फक्त नववीच्या मुलींसाठी असतं.”

मास्तरीणबाई उठल्या. घरी जाऊन त्यांनी उरलेली मखमल काढली.

पुढच्या रविवारी ‘प्रगत वर्गा’ची नोंदणी होती. पुन्हा तोच हॉल, तीच गर्दी, तोच कोट. इलॅस्टिक सैल झालं म्हणून पहिल्या रांगेतल्या दहा मुलांना मास्तरीणबाईंनी शिवलेल्या नव्या पट्ट्या मिळाल्या. तीच मखमल, तेच इलॅस्टिक, वरून बघणाऱ्याला फरक कळणार नाही. आतून नाकापाशी कापूस भरलेला.

गेल्या वेळी मथळा वाचणाऱ्या मुलाच्या मांडीवर वर्तमानपत्र ठेवलं. त्यानं मान वर केली. आणखी वर केली. “काळं आहे, सर.”

दुसरी मुलगी. “काळं.”

तिसरा ओठ चावून गप्प बसला. दहाही मुलांचं तेच झालं तेव्हा कोटवाल्यानं माइक तोंडाशी ओढला. “पालकहो, आज हॉलमध्ये नकारात्मक लहरी आहेत! कोणीतरी शंकेखोर माणूस इथं बसलेला आहे!”

“बसलेली आहे,” मास्तरीणबाई उठत म्हणाल्या. “आणि आता उभी आहे.”

स्टेजवर चढून, खुर्चीत बसून त्यांनी जुनी पट्टी डोळ्यांवर बांधली आणि टेप मांडीवर घेतली. “मी दुसरी शिकलेय. ऐका. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. झालं माझं दार उघडं! सहा आठवडेपण लागले नाहीत.” लोक हसले. त्या हसल्या नाहीत. पट्टी काढून त्यांनी नाकापाशी बोट घातलं आणि ते बोट आरपार सगळ्यांना दाखवलं. “ही ती लहर. इथून खाली बघायचं. नमुना यांचा, शिलाई माझी. आजच्या दहा पट्ट्यांत मी ही फट बुजवली. बाकी काहीसुद्धा बदललेलं नाही.”

“मावशी, विज्ञान तुम्हाला काय कळणार!” कोटवाला ओरडला.

विज्ञानाच्या बाई पुढे आल्या. जुनी पट्टी बांधलेल्या एका मुलाच्या हनुवटीखाली त्यांनी वही आडवी धरली. “आता वाच, बाळा.” मुलगा थांबला. वही काढली तसा वाचू लागला. पुन्हा धरली, पुन्हा थांबला. “सर, मखमलीतून जाणारी लहर शंभर पानी वहीला अडते का हो?”

तेवढ्यात तिसरीतली एक चिमुरडी हुंदके देऊ लागली. “मी खोटं नव्हते बोलत! सर म्हणाले होते, खालून उजेड येतो तीच लहर असते. आणि घरी सांगितलं तर दार कायमचं बंद होतं.”

मग मात्र कोणी हसलं नाही. आया आपापल्या पोरांकडे बघत होत्या आणि पोरं जमिनीकडे. सहा आठवडे ती लेकरं एवढं गुपित पोटात घेऊन झोपत होती. या गडबडीत कोटवाला बाजूच्या दारानं निघून गेला. मुख्याध्यापक चष्मा पुसत राहिले. मास्तरीणबाई स्टेजवरून उतरल्या तेव्हा टाळी वाजली नाही, आणि त्यांना ती नको होती.

बुधवारी प्रयोगसाहित्याचा खोका उघडला. मुलांनी सूक्ष्मदर्शकावर रांग लावली. नात रांगेत नव्हती. शाळा सुटल्यावर बाई घरी आल्या आणि एक कागद बापाच्या हातात ठेवून गेल्या. विज्ञान केंद्रातला रविवारचा मोफत वर्ग, घरी नेता येणारी प्रयोगाची पेटी, दहावीच्या मुलांसाठी विज्ञानाची स्पर्धापरीक्षा, प्रत्येकाच्या तारखा.

बाप तो कागद घेऊन पोरीपुढे उभा राहिला. “रविवारी जायचं का? मी सोडतो.”

“नको बाबा.” ती काजाचे दोरे कापत होती. आवाजात राग नव्हता. वेळापत्रक वाचावं तशी ती बोलली. “मला विज्ञान झेपायचं नाही.”

बापानं आईकडे बघितलं. मास्तरीणबाईंनी मशीन थांबवलं.

“ऐकलंस?” त्या म्हणाल्या. “तो गेला निघून, पण त्याचं वाक्य हिच्या तोंडात राहिलं. तो एकदाच बोलला. तू न बोलता इतके दिवस तेच बोलत होतास. चाळीस पोरांत ही एकटी, जे होतं ते बोलली. काळं दिसलं, काळं म्हणाली. त्यालाच विज्ञान म्हणतात, असं त्या बाई म्हणतात. मला दोन यत्तांत हे कोणी शिकवलं नव्हतं. तू बारावी शिकलास, आणि तुला ‘हे कसं केलं?’ एवढं विचारावंसं वाटलं नाही. कोणी अद्भुत काही दाखवलं की आधी ते विचारायचं. त्यात कोणाचा अपमान होत नाही. मीही विचारलं नाही. वर त्या बाईंच्या तोंडावर दार लावलं. हिचे ते दहा दिवस मी घालवले, तू घालवलेस, आणि ते आता परत आणता येत नाहीत. माझं चुकलं हे मी हिला सकाळी हात धरून सांगितलं. तू अजून सांगितलं नाहीस. कागद नंतर दे. आधी खाली बस तिच्यासमोर, आणि सांग.”