वादळाच्या दिवशी मी बंद पडलो

मित्रांनो, मी एक जुना डिझेल पंप आहे. समुद्राजवळच्या एका खोलगट गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम. गल्लीत साचलेले पाणी ओढून खाडीत टाकणे हे माझे काम. कारखान्यात मला जोडणारा फिटर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "हा गडी दमायचा नाही!" आणि पहिली काही वर्षे मी खरेच दमलो नाही. माझी फटफट ऐकली की गल्ली निर्धास्त व्हायची.

मला चालवायची ताई. तिचे हात कायम वंगणाने माखलेले, म्हणून मुले तिला 'तेलकट ताई' म्हणत. ती हसून म्हणे, "माझे हात काळे आहेत म्हणून तुमची घरं कोरडी आहेत रे!"

मग सहा वर्षे मोठे वादळ फिरकलेच नाही. माझ्या नळीवर कपडे वाळू लागले, गटारात प्लास्टिकच्या पिशव्या पडू लागल्या. ताई कानीकपाळी ओरडायची. पण ऐकतो कोण?

आणि एका सकाळी वारा सुटला. त्याने शेडचा पत्रा कागदासारखा भिरकावला, समोरचा विजेचा खांब आडवा केला. मागोमाग समुद्राचे पाणी गल्लीत घुसले. शेजारच्या वृद्धाश्रमात तळमजल्यावर एकवीस म्हातारी माणसे होती. निम्मी तर अंथरुणाला खिळलेली. त्यांना जिन्याने वर न्यायला वेळ हवा होता. ताईने हँडल मारले आणि मी जीव तोडून पाणी ओढू लागलो.

अर्ध्या तासात माझा घसा आवळला. नळीच्या तोंडाला जाळी असते, तिच्यावर पिशव्यांचा थर बसला होता. मी नुसताच धापा टाकत होतो. पाणी काही येईना.

ताई कमरेभर पाण्यात उतरली. आश्रमाच्या जिन्यावरून तिचा नवरा, पाठीवर एका आजोबांना घेऊन, ओरडला, "अगं, सोड तो मेला पंप! वर ये आधी!"

"खाली किती राहिलेत?"

"नऊ!"

"मग नऊ जण वर गेले की येते!"

तिने बोटांनी पिशव्या ओरबाडून काढल्या. वाहत आलेल्या पत्र्याने तिचा तळहात चिरला. तरी तिने जाळी मोकळी केली, आणि मी पुन्हा धडधडू लागलो. पाणी चढतच होते, पण आता सावकाश. आठ... पाच... दोन...

"झालं! सगळे वर आले!" नवऱ्याची हाक आली. ताईने मला एकदा थोपटले आणि ती जिन्याकडे धावली. पुढच्याच लाटेने माझ्या पोटात पाणी भरले. मी बंद पडलो.

आता मी सुटा सुटा होऊन पोत्यावर पडलो आहे. हाताला पट्टी बांधून ताई माझ्यातला चिखल खरवडते. पान हलले तरी माझ्या काळजात धस्स होते. मित्रांनो, आम्ही यंत्रे तक्रार करत नाही, म्हणून आम्हाला विसरू नका. गटारात पिशवी टाकताना तिच्या पलीकडे कुणाचा श्वास अडकतो, तेवढे आठवा.

आज पुन्हा वादळाची सूचना आली आहे. वारा वाढतो आहे. ताई, लवकर जोड ना मला!